सेमिनार गडचिरोलीत? मग एक दिवस जास्तीचा टाका!

मेल येतो. तुमचा पेपर सिलेक्ट झालाय! ऑफिस सांभाळून, रात्री जागून पार्टटाइम पीएच.डी. करणाऱ्याला यापेक्षा गोड बातमी नसते. मग नजर खाली जाते. ठिकाण : गडचिरोली. आणि घरात, ऑफिसात, मित्रांच्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, ‘तिकडे? कशाला?’

गडचिरोली म्हणजे शिक्षेची बदली, जंगल आणि नक्षलवादी, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण बॉस, चित्र बदलतंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती यानं साठेक साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली. गडचिरोली शहरात सेमिनारला जायचं, तर आज खरी काळजी वेगळीच आहे. तिथं पोचायचं कसं?

स्टेशन नसलेलं शहर

पहिला धक्का आधीच देऊन ठेवते. गडचिरोली शहरात रेल्वे नाही. जिल्ह्यातलं जुनं आणि एकुलतं एक स्टेशन म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. ते गोंदिया-बल्लारशाह मार्गावर आहे आणि तिथून गडचिरोली पन्नासेक किलोमीटर. वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचं काम हाती घेतलेलं आहे. पण तुमच्या सेमिनारची तारीख त्याच्या भरवशावर ठरवू नका. तोवर लाल एसटी झिंदाबाद!

प्लॅन ए : विमानानं किंवा ट्रेननं नागपूर. तिथून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोली. अंतर साधारण १७० किलोमीटर. एसटीनं चार तास सहज धरा.

प्लॅन बी : आधी चंद्रपूर. नागपूरपासून रस्त्यानं दीडशे किलोमीटर. शिवाय चंद्रपूर आणि शेजारचं बल्लारशाह दिल्ली-चेन्नई या मुख्य मार्गावर आहेत, त्यामुळे गाड्यांची चिंता कमी. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या नागपूर-सिकंदराबाद वंदे भारतलाही दोन्हीकडे थांबा मिळाला. मुंबईहून येणाऱ्यांना नागपूरपर्यंत न जाता सेवाग्रामला गाडी बदलता येते. चंद्रपूर ते गडचिरोली मग एसटीनं, मूल-सावली मार्गे ८० किलोमीटर.

माझं मत विचाराल तर जाताना बी, येताना ए. कारण दोन्ही रस्ते वेगवेगळी गोष्ट सांगतात.

चंद्रपुरात एक संध्याकाळ

स्टेशनवर उतरलात की आधी भिंती बघा. वाघ, जंगल, गोंड चित्रं... चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्टेशनं स्थानिक कलाकारांनी अशी काही रंगवली, की २०१८ साली रेल्वेच्या स्टेशन सजावटीच्या स्पर्धेत त्यांना देशात पहिलं बक्षीस मिळालं.

गावात फिरायला ऑटो हेच वाहन. मोबाइलवरून टॅक्सी मागवायची मुंबई-पुण्याची सवय इथं खिशात ठेवा आणि ऑटोवाल्याला सरळ म्हणा, ‘भाऊ, जटपुरा गेट.’ जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे गोंड राजांच्या परकोटाचे चार दरवाजे. शहराची रोजची ट्रॅफिक अजूनही त्यांच्यातून वाट काढते. अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यातली बीरशहाची देखणी समाधी राणी हिराईनं बांधून घेतली. आपल्याकडे नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेल्या कबरीचं केवढं कौतुक. इथं बायकोनं नवऱ्यासाठी बांधली आणि आपल्याला पत्ताच नाही!

याच शहराच्या उंबरठ्यावर २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. आपल्या ऑफिसातला एसी चालवणारी वीज राज्याच्या ज्या ग्रिडमधून येते, त्या ग्रिडला इथून मोठा पुरवठा होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तो मात्र चंद्रपूरकरांच्याच वाट्याला.

तुमचा एक दिवस, त्यांची तीन वर्षं

सकाळची एसटी पकडा. मूलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल येतं. मूलच्या पुढे भाताची शेतं आणि बोड्या, म्हणजे शेताला पाणी देणारी छोटी तळी. मग वैनगंगेचा लांबलचक पूल. पूल संपला की गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ ला तो चंद्रपुरातून वेगळा झाला. तीन चतुर्थांशाच्या आसपास जंगल, आणि बोलायला मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी, बंगाली. एका जिल्ह्यात!

तर, गोंडवाना विद्यापीठ. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी ते २०११ मध्ये सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. आता नकाशा काढा. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा आहे. तिथून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मार्कशीटवर नाव चुकलंय? मायग्रेशन सर्टिफिकेट हवंय? विद्यापीठाच्या खिडकीपाशी जायचं, तर आधी बस, मग बस, मग नागपुरात मुक्काम कुठे करायचा याचा घोर. आपण जो प्रवास एकदा करून स्टेटस टाकतो, तो इथल्या मुलामुलींसाठी डिग्रीच्या खर्चाचाच भाग होता.

म्हणून गडचिरोलीत सेमिनार होतो, ही साधी गोष्ट नाही. इतकी वर्षं विद्यार्थी ज्ञानाकडे जायचे, आता पाहुण्यांना इकडे यावं लागतं. पहिल्या रांगेतले आम्ही पाहुणे बॅग, पेन, बिल्ला गळ्यात घालून ‘काय हो रस्ता!’ म्हणत कंबर चोळतो. मागच्या रांगेत बसलेली एटापल्लीची मुलगी ते ऐकून नुसती हसते. चहाच्या ब्रेकमध्ये तिच्याशी बोला. ‘आदिवासी विकास : दशा आणि दिशा’ या तुमच्या पीपीटीत नसलेल्या निदान चार गोष्टी कळतील.

हॉलच्या बाहेरचा सेमिनार

सर्टिफिकेट मिळालं की बहुतेक पाहुणे ताडोब्याला पळतात. जा की! १९५५ सालचं, राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान आहे ते. पण गडचिरोलीपर्यंत येऊन फक्त वाघ बघून गेलात, तर मुद्द्याची गोष्ट राहून जाईल. ती आहे धानोरा रोडवर.

शहरापासून १७-१८ किलोमीटरवर, चातगावजवळ शोधग्राम लागतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं गाव. नवजात बाळांना घरातच कसं वाचवायचं, हे त्यांनी ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे घरी जाऊन बाळं तपासणं हे देशभरच्या आशाताईंच्या कामाचा भाग बनलं. म्हणजे रेल्वे पोचण्याआधी गडचिरोलीचा पेपर जगभर पोचला होता!

त्याच रस्त्यानं पुढे, धानोऱ्याच्या अलीकडे मेंढा (लेखा). काही शे लोकवस्तीचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबई आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. सगळ्यांच्या संमतीनंच निर्णय घ्यायचे आणि समजत नसेल ते अभ्यास गटात बसून समजून घ्यायचं, ही इथली रीत. म्हणजे पोडियम नसलेला सेमिनारच की! वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या काही गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायची परवानगी अडलेलीच होती. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. बल्लारपूरच्या पेपर मिलनं ज्या जंगलांच्या बांबूवर वर्षानुवर्षं कागद काढला, त्या बांबूवर सही करायचा हक्क गावाला मिळाला. कागदावर पेपर लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

इथं फक्त एक पथ्य. थेट घरात घुसून फोटो काढत सुटायचं नाही. आधी निरोप पाठवायचा, ग्रामसभेला विचारायचं. आपल्या सोसायटीत वॉचमनच्या वहीत नाव लिहितोच ना!

जाता जाता नाटक

परतताना प्लॅन ए. आणि दिवाळीनंतरचे दिवस असतील तर आरमोरीहून थोडी वाकडी वाट करून वडसा गाठा. हे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. नाटक कंपन्यांची बुकिंग ऑफिसं इथं रांगेनं दिसतात. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडपात रात्रभर नाटक रंगतं, पहाटेपर्यंत. २०२३ साली इथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. मल्टिप्लेक्समध्ये दोन तासांत चुळबुळ करणाऱ्यांनी एकदा तरी थंडीत शाल लपेटून हा खेळ बघावाच. डेलिगेट म्हणून ओळख सांगायची गरज नाही, तिकीट काढलं की झालं.

बॅग भरताना

सीझन : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात भामरागडसारख्या दूरच्या तालुक्यांचे रस्ते पुरानं बंद पडतात. उन्हाळ्याबद्दल वर लिहिलंच आहे.

मच्छर : ओडोमॉस, फुल बाह्यांचे कपडे मस्ट. राज्यातल्या मलेरियात या जिल्ह्याचा वाटा मोठा असतो. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘गडचिरोलीला गेले होते’ हे आधी सांगा.

कॅश आणि नेटवर्क : शहर सोडलं की दोन्हीचा भरवसा नाही. पीपीटी पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

ताडोबा : सफारी आधी ऑनलाइन बुक करा. मंगळवारी सुट्टी असते आणि पावसाळ्यात कोअर जंगल बंद. मोहर्ली गेट चंद्रपूरपासून तीसेक किलोमीटर.

हेमलकसा : ‘जवळच आहे ना?’ असं म्हणू नका. भामरागड गडचिरोलीहून १७० किलोमीटरच्या पुढे आहे. त्यासाठी वेगळी सुट्टी टाका.

शेवटची बस : संध्याकाळचं वेळापत्रक स्टॅण्डवरच्या चौकशी खिडकीत विचारून घ्या. गेलीच तर चिडू नका. शेजारी बसलेल्या पोरांना ‘तुम्ही आता कसे जाणार?’ एवढं विचारा. तुमच्या पुढच्या पेपरचा विषय तिथंच मिळेल.