लोबानच्या किनाऱ्यावरचे गाणे

ओमानच्या दक्षिणेला धोफार प्रांत आहे. माझे दीर नोकरीनिमित्त सलालात असतात, म्हणून हा किनारा पाहायला मिळाला. सलालाहून पूर्वेकडे निघाले की मिरबातचे जुने बंदर लागते आणि त्याच किनाऱ्याने पुढे हासिक गाव येते. जुमेरातच्या संध्याकाळी आपल्या घरांत ज्याचे नाव निघते, त्या लोबानची झाडे याच मुलखातली.

हासिकच्या पुढे समुद्रात हल्लानियात बेटे आहेत. वरून पाहावे तर पाणी गप्प. पण हिवाळ्यात या पाण्याखाली हंपबॅक जातीचे नर देवमासे गात असतात. संशोधकांनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडून ही गाणी टिपली आहेत. कण्हल्यासारखे, करकरल्यासारखे, लांब शीळ घातल्यासारखे सूर ठरलेल्या क्रमाने येतात. एक गाणे काही मिनिटे चालते, संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेपेक्षा चौपट वेगाने.

देवमासा म्हटला की मुलांना हजरत यूनुस (अ.) आठवतात. तो मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हे मी वर्गात सांगते. इतर समुद्रांतले हंपबॅक अन्नासाठी थंड पाण्यात आणि पिलांसाठी उबदार पाण्यात असा हजारो किलोमीटरचा प्रवास करतात. अरबी समुद्रातले मात्र इथेच राहतात. आपल्या कोकणात पाऊस आणणारे नैर्ऋत्येचे वारेच धोफारच्या किनाऱ्याजवळ खोल, थंड पाणी वर ओढतात. त्यावर माशांची रेलचेल होते आणि देवमाशांचे पोट भरते.

शास्त्रज्ञांच्या अंदाजाने हा कळप सुमारे 70,000 वर्षे इतरांपासून वेगळा आहे. त्याचे गाणेही दक्षिण हिंदी महासागरातल्या हंपबॅकपेक्षा निराळे आहे. म्हणजे हा कळप संपला, तर हे गाणे दुसरीकडे कुठे ऐकू येणार नाही. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात 242 हंपबॅक मारले. आज ओमानच्या पाण्यात शंभरही नसावेत असा अंदाज आहे. त्यात मोठ्या जहाजांच्या यंत्रांची घरघर त्यांचा आवाज बुडवते, आणि मासेमारीची जाळी अंगाला गुरफटतात.

हे दुःख फक्त ओमानचे नाही. 2017 साली तिथे एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसवले गेले. तिच्या शेपटीवर झाडासारखी खूण होती, म्हणून तिचे नाव ठेवले लुबान, म्हणजेच लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली, पुढे भारताच्या दक्षिण टोकाला गेली आणि परत ओमानला पोहोचली. गोव्याच्या किनाऱ्याजवळही हंपबॅकचे गाणे टिपले गेले आहे.

आपल्या कितीतरी घरांतली माणसे कमाईसाठी हाच समुद्र ओलांडतात, आणि कितीतरी घरे त्याच्या मासळीवर जगतात. जाळ्यात देवमासा अडकला तर जाळे कापून त्याला सोडावे लागते, आणि गरीब नाखव्याला ते नुकसान परवडत नाही. म्हणूनच संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे फोटो काढून ठेवावे लागतात. बंदरावर जाणारे कुणी आपल्या घरात असेल, तर त्यांच्या कानावर ही गोष्ट आजच घाला.