बारा पैलूंचा वारसा

वडिलांनी मागे ठेवलेल्या इस्टेटीत एक पासबुक, दोन छत्र्या आणि एक दगड होता. पासबुकातली शिल्लक दोन मिनिटांत मोजून झाली. छत्र्या पहिल्याच पावसात उलट्या झाल्या. उरला दगड. चकाकत्या अभ्रकी खडकात रुतलेला, सुपारीएवढा, काळपट लाल खडा. सोबत वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘राजमहाल, जि. टोंक, राजस्थान, 1986.’

“गोमेद असणार. अंगठीत घाला, राहू शांत होईल,” सौ. म्हणाली.

माझा राहू म्हणजे आमचे ब्रँच मॅनेजर. त्यांची बदली होणार या आशेने मी चिठ्ठी रद्दीत टाकली आणि छिन्नी-हातोडी घेऊन बसलो. पहिला घाव खडकावर बसला, दुसरा अंगठ्यावर.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर अंगठ्याची पट्टी पाहून एका पेन्शनर खातेदाराने चौकशी केली. गृहस्थ भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि दगडांचे संग्राहक. संध्याकाळी मी दगड त्यांच्यापुढे ठेवला.

“अहो, हा गोमेद नव्हे, तामडा! दोघेही गार्नेटच, पण भाऊबंद.”

मग त्यांनी सगळं घराणं सांगितलं. मला ते खात्याच्या फॉर्मसारखं वाटलं. छापील फॉर्म एकच, आत नावं निराळी. लोह आणि ॲल्युमिनियम भरलं की तामडा, म्हणजे अल्मंडाइन. लोहाऐवजी मॅग्नेशियम आलं की पायरोप, मँगनीज आलं की नारिंगी स्पेसर्टाइन. कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचा ग्रॉस्युलर. त्यातलाच मधाच्या रंगाचा तो गोमेद. कॅल्शियमसोबत क्रोमियम आलं तर हिरवागार उवारोवाइट. त्यातही शुद्ध एकट्याचं खातं क्वचितच, बहुतेक सगळी जॉइंट!

“आणि हे पैलू बघा. बारा! कुणा कारागिराने पाडलेले नाहीत, जमिनीखालीच पडलेत. खडकासकट आहे म्हणून हा नमुना. साधा गार्नेट भरडला की त्याचा पॉलिश पेपर होतो. तुम्ही त्याच मार्गाला होतात!” मग त्यांनी हात पुढे केला. “सापडल्याची जागा लिहिलेली चिठ्ठी कुठाय?”

“रद्दीत,” मी म्हणालो.

“अरेरे! चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे सहीशिवाय चेक!”

तिथून मी धावतच घरी आलो. अंगठ्याची पट्टी सांभाळत रद्दी उपसली. तीन महिन्यांची वर्तमानपत्रं, विजेची बिलं, माझाच नामंजूर झालेला रजेचा अर्ज, चिठ्ठी नाही. वडिलांनी दगड एवढ्या लांबून आणला, जपला, आणि त्याची सही मी घालवली. घशाशी काहीतरी आलं.

सौ.ने निमूटपणे देवघरातली पोथी उघडली. आत चिठ्ठी!

“मामंजींचं अक्षर. टाकवेना मला.”

तिला लोह ठाऊक नव्हतं, ॲल्युमिनियम नव्हतं. संग्राहकाचा पहिला नियम मात्र ठाऊक होता.

आता दगड कपाटात आहे, चिठ्ठीसकट. राहूची बदली अजून झालेली नाही.