तिन्हीसांजेचं रडणं

ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी
दिवाळी पाडवा

चि. माईस,


तुझ्या आईनं काल सगळं सांगितलं. छकुली सव्वा महिन्याची झाली, दिवसभर गुणाची असते आणि तिन्हीसांजा झाल्या की जी रडायला लागते ती कोणाला आटोपत नाही. पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, तोंड लालबुंद होतं. तू राहतेस तिथल्या मैत्रिणीनं तुला कायरोप्रॅक्टरचा पत्ता दिलाय, तो मणके हातानं दाबून जागेवर बसवतो आणि रडं थांबतं म्हणे. ‘आत्याला विचार, तिनं जन्मभर बाळंतिणीच पाहिल्या,’ असं तू आईला म्हणालीस. विचारलंस ते फार बरं केलंस. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते. तुझं दूध कमी नाही, तुझ्या खाण्यात काही चुकलेलं नाही आणि तुला लेकरू सांभाळता येत नाही असंही नाही. डॉक्टर ज्याला कॉलिक म्हणतात ते हेच. 1954 साली वेसेल नावाच्या डॉक्टरनं त्याचं माप ठरवलं: धडधाकट बाळ दिवसातून तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त रडतं आणि असं तीन आठवड्यांहून जास्त चालतं. कारण अजून कोणाला नक्की सापडलेलं नाही. पण त्याची चाल ठरलेली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला कळस गाठतं आणि तिसरा-चौथा महिना लागला की ओसरतं. म्हणजे तू आत्ता घाटाच्या माथ्यावर आहेस.

आपल्याकडे या रडण्याला औषधांचा तोटा नाही. आरोग्य उपकेंद्रात नोकरीला होते तेव्हा घरोघरी पाहिलंय. कोणी म्हणायचं पोटात गोळा आला, कोणी म्हणायचं बेंबी सरकली, कोणी मीठ-मोहऱ्या उतरवायचं. एकीकडे हिंगाचं पाणी बेंबीभोवती लावायचं, दुसरीकडे सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, जायफळ वेढे मोजून उगाळायचं. काही घरांत बिब्बा तापवून पोटावर त्याचे डाग द्यायचे. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की मोठ्या माणसाला फोड येतात, तान्ह्याची काय कथा! आणि प्रत्येक घरात मला छातीठोकपणे सांगायचे, ‘बाई, आमच्या लेकराला यानंच गुण आला.’ खोटं कोणी बोलत नव्हतं. लेकरू खरंच गप्प झालेलं असायचं, कारण तोवर त्याचे तीन महिने भरलेले असायचे. मृग कोरडा गेला की पोरं दारोदार धोंडी काढत हिंडायची, आठ-पंधरा दिवसांत कधीतरी पाऊस यायचाच, आणि मान मिळायचा धोंडीला. तसंच हे.

मेळघाटातलं तू ऐकलं असशील. तिथे लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडानं पोटावर चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. 2025 च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात आजारी पडलेल्या 22 दिवसांच्या बाळाला 65 चटके दिले गेले. तुझा कायरोप्रॅक्टर आणि ते तापलेलं लोखंड एकाच पंगतीला बसवायचा माझा हेतू नाही. तिथे क्रूरपणा आहे, इथे सुशिक्षित माणूस आणि स्वच्छ खोली आहे. पण विचारायचा प्रश्न दोन्हीकडे एकच: हे केलं नसतं तर काय झालं असतं?

हा प्रश्न नीट विचारला गेलाय, म्हणून तर तुला लिहायचा धीर होतो. कायरोप्रॅक्टिकचा उगम 1895 चा, अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावचा. डी. डी. पामर हा हातातल्या ‘चुंबकीय’ शक्तीनं बरं करतो म्हणवणारा माणूस, त्यानं एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं असा दावा केला. पुढे बहुतेक सगळ्या दुखण्यांचं मूळ मणक्यात आहे असं त्यानं मांडलं. 1989 साली डेन्मार्कमध्ये कॉलिकच्या 316 बाळांची पाहणी झाली, त्यात मणके दाबल्यावर दोन आठवड्यांत 94 टक्के बाळांना आराम पडल्याचं आलं. केवढा आकडा! पण उपचार न केलेली बाळं शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती.

ते काम नॉर्वेत बर्गनला झालं, 2001 मध्ये. त्याबद्दल वाचलं तेव्हा मला फार आवडलं. बाळाला आईबापांपासून दुसऱ्या खोलीत न्यायचे. निम्म्या बाळांचे मणके कायरोप्रॅक्टर हाताळायचा. उरलेल्यांना नर्स नुसतं दहा मिनिटं कुशीत धरून बसायची. आपल्या बाळाचं काय झालं हे आईबापांना सांगायचे नाहीत. शेवटपर्यंत 86 बाळं राहिली. उपचारवाल्या 46 पैकी 32 बाळांत सुधारणा दिसली, नुसत्या कुशीतल्या 40 पैकी 24 बाळांत. एवढ्याशा फरकाला शास्त्र फरक मानत नाही. पुढे 2012 साली अशा सहा चाचण्या, मिळून 325 बाळं, एकत्र तपासली गेली. ज्या चाचण्यांत आईबापांना उपचार ठाऊक नव्हता, तेवढ्याच धरल्या तर खात्रीचा गुण दिसला नाही. ऑस्ट्रेलियात तर तान्ह्यांच्या मणक्यांना हात लावू नका असं त्या धंद्याच्या मंडळालाच सांगावं लागलं.

मग मणका दाबायचा कशाला? तो धड आहे. दुखापत क्वचितच होते म्हणतील, पण ज्यानं फायदा नाही त्यासाठी क्वचितची तरी जोखीम सव्वा महिन्याच्या मानेवर का घ्यायची?

माझ्या अनुभवाचं सांगायचं तर, लेकराला पालथं हातावर घेऊन दिवा मंद करून फिरवायचं, अंगाई म्हणायची. सासूबाईंनी गुटी पाठवली असेल तर गोड बोलून बाजूला ठेव. सहा महिने तुझं दूध सोडून काही नको, आणि मध तर वर्षभर चाटवू नकोस, त्यातून तान्ह्यांना भयंकर विषबाधा होते. आपल्या जुन्या बायकांचं एक मात्र मी कधी सोडू देणार नाही: बाळंतिणीला सव्वा महिना कोणी उठू देत नव्हतं, रडणारं लेकरू चार जणींच्या मांड्यांवरून फिरायचं. तिथे तुम्ही दोघंच. म्हणून जावईबापूंना सांग, संध्याकाळचे दोन तास त्यांचे. एकटी असताना डोकं भणाणलं तर तिला पाठीवर पाळण्यात ठेव, दार ओढून दहा मिनिटं बाहेर बस. रडून कोणी मरत नाही, पण रागानं हलवलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. आणि तुलाच सतत रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग.

ताप आला, हिरवी उलटी झाली, शौचात रक्त दिसलं, दूध ओढेनाशी झाली, मलूल पडली किंवा वजन वाढेना, तर ते कॉलिक नव्हे. तेव्हा रात्र पाहू नको, थेट दवाखाना गाठ. रडताना एकदा झबलं-मोजे काढून बघत जा. पायाच्या बोटाला केस गुंडाळून बोट सुजलेलं असू शकतं, जांघेत गाठ आलेली असू शकते.

कायरोप्रॅक्टरची वेळ घेतली असशील तर रद्द कर. त्याऐवजी या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा, तिचं वजन करून घे आणि आकडा मला कळव.

तुझी
आत्या