टाउनरचा उजवा हात

१९६३ साली अमेरिकन गिटारवादक राल्फ टाउनर व्हिएन्नाला कार्ल शाइट यांच्याकडे क्लासिकल गिटार शिकायला गेला, तेव्हा तो तेविशीत होता आणि गिटार हाती धरून त्याला फार काळ लोटला नव्हता. या वाद्यासाठी हे वय उशिराचंच. पण संगीत त्याला नवं नव्हतं. जन्म १९४० चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या चेहेलिस गावचा. आई पियानो शिकवायची, वडील ट्रम्पेट वाजवायचे. पियानो आणि ट्रम्पेट त्याच्याही हाती लहानपणीच आले, आणि पुढे ऑरेगन विद्यापीठात त्यानं संगीतरचनेचं शिक्षण घेतलं. डोकं तयार होतं, बोटं तेवढी कोरी होती. ती शाइट यांच्या तालमीत घडली.

क्लासिकल गिटारला पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, लागत नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका आणि घासून आकार दिलेली नखं, एवढंच भांडवल. करंगळीला काम नाही. कॉर्डमधले चार सूर एकाच वेळी छेडायचे आणि त्यातला नेमका एक पुढे आणायचा, हे या चार बोटांमुळेच साधतं. अनामिकेवर किंचित भार दिला की वरची चाल उठून येते. अंगठा हलका ठेवला की खर्ज मागे सरकतो. सांगायला एवढंसं, पण हातात बसायला वर्षं जातात. टाउनरनं ती दिली. काही वर्षांनी तो त्याच शिस्तीसाठी पुन्हा व्हिएन्नाला गेला.

त्याच्या कानात मात्र जाझ पियानोवादक बिल इव्हान्सचा पियानो होता. इव्हान्स, स्कॉट लाफारो आणि पॉल मोशन या त्रिकुटात बेस आणि ड्रम्स नुसती साथ करत नाहीत, पियानोशी बोलतात. हे तिघांचं बोलणं एका गिटारवर आणायचं, हा टाउनरचा ध्यास. खर्जातल्या तारा एक वादक, मधल्या दुसरा, वरची चाल तिसरा. जाझचे बहुतेक गिटारवादक इलेक्ट्रिक गिटार आणि पिक घेऊन सॅक्सोफोनसारखी एकेरी चाल वाजवत होते, त्या काळातली ही गोष्ट. क्लासिकल गिटारच्या नायलॉनच्या तारांवर जाझ त्याच्याआधीही वाजलं होतं. क्लासिकल गिटारवादक सेगोव्हियांकडे शिकलेल्या चार्ली बर्डनं १९६२ मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर ‘जाझ सांबा’ हा अल्बम केला तो याच गिटारवर. पण गिटारनं एकटीनं अख्खं त्रिकूट व्हावं, ही मागणी टाउनरनं जितक्या जिद्दीनं केली तितकी क्वचितच कुणी केली असेल.

यातली अडचण वाजवणाऱ्याला लगेच कळते. पियानोवर शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबणं लहान मुलालाही जमतं. गिटारच्या एका तारेवर एका वेळी एकच सूर निघतो, त्यामुळे खेटून असलेले दोन सूर हवे असतील तर दोन तारा लागतात आणि डावा हात ताणावा लागतो. इथे मोकळी तार कामाला येते. दुसरी तार, म्हणजे बी, मोकळी सोडायची आणि तिसरी पाचव्या फ्रेटवर दाबायची. शुद्ध निषादाला षड्ज चिकटावा तसे बी आणि सी एकत्र घुमतात. टाउनरच्या कॉर्ड भरीव आणि जराशा अस्वस्थ वाटतात, त्याचं एक कारण असल्या मोकळ्या तारा.

मोकळी तार वाजवणं सोपं, थांबवणं अवघड. दाबलेली तार बोट सैल केलं की गप्प होते, मोकळी होत नाही. खर्जातली ई वाजली आणि पुढच्या मात्रेला कॉर्ड बदलली, तर जुनी ई घुमत राहते आणि नवी कॉर्ड गढूळ होते. अंगठ्यानं ऐन वेळी परत येऊन तिला थोपवायचं आणि तेवढ्यात बाकीच्या बोटांची लय मोडू द्यायची नाही. टाउनरच्या ध्वनिमुद्रणांत ही निगुती सतत ऐकू येते. सूर कुठे संपवायचा हेसुद्धा तो रचतो. त्याच्यातला संगीतकार इथे सापडतो, असं मला वाटतं.

पुढची वाटचाल झपाट्याची. १९६८ मध्ये न्यू यॉर्क, मग पॉल विंटर कन्सॉर्ट हा वाद्यवृंद. तिथे बारा तारांची गिटार हाती आली आणि ‘इकॅरस’ ही त्याची सर्वांत प्रसिद्ध रचना लोकांपर्यंत पोचली. त्याच मंडळींतून पॉल मॅककँडलेस, ग्लेन मूर आणि कॉलिन वॉलकॉट यांच्यासह ‘ऑरेगन’ हा चौघांचा गट उभा राहिला. वॉलकॉट सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकलेला. १९८४ च्या नोव्हेंबरात पूर्व जर्मनीत मोटार अपघातात तो गेला. त्याच्या जागी पुढे आला मुंबईचा त्रिलोक गुर्टू, बेळगावच्या ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचा मुलगा. त्रिलोकच्या ‘उस्फ्रेत’ या १९८८ च्या अल्बमवर शोभाताईंचा आवाज आहे आणि टाउनरही आहे. ठुमरीच्या त्या भरदार आवाजासाठी आणि या संगतीसाठी मराठी श्रोत्यांनी तो आवर्जून मिळवावा.

जर्मनीच्या ईसीएम कंपनीसाठी टाउनर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ध्वनिमुद्रण करू लागला. ‘डायरी’ या अल्बममध्ये त्यानं पियानो आणि गिटार दोन्ही वाजवून एकावर एक चढवले आहेत, स्वतःशीच जुगलबंदी म्हणावी अशी. २०१७ च्या ‘माय फूलिश हार्ट’मध्ये तो पुन्हा इव्हान्सच्या आवडत्या गाण्याकडे वळला, आणि ऐंशी ओलांडल्यावर २०२३ मध्ये ‘अॅट फर्स्ट लाइट’ आला, तोही एकट्या गिटारचा.

गिटार शिकणाऱ्यांनी टाउनरचा १९८० चा ‘सोलो कॉन्सर्ट’ हा अल्बम काढावा आणि त्यातलं ‘नार्डिस’ तीनदा ऐकावं: एकदा फक्त वरच्या चालीसाठी, एकदा फक्त खर्जासाठी, आणि तिसऱ्यांदा प्रत्येक सूर कुठे थांबतो त्यासाठी. मग आपल्या उजव्या हाताचा रोजचा रियाज वाढवावा.