लढाईच्या सालातल्या आज्या

आमच्या आज्या सन कधी सांगत नसत. अमकीचं लग्न लढाई लागायच्या आधीचं, तमक्याचा जन्म रेशन आलं त्या वर्षीचा, धाकटी झाली ती गोदी उडाली त्या उन्हाळ्यात. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोडच्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हे पंचांग ऐकून ऐकून पाठ आहे. त्यातलं रेशनचं साल 1943 आणि गोदीचं 1944, हे आम्ही फार नंतर पुस्तकांत ताडून पाहिलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या बायकांचं म्हणून जे चित्र जगभर दाखवतात, त्यात विलायतेतल्या कारखान्यांतल्या तरुणी असतात. पुरुष आघाडीवर गेले म्हणून 1941 च्या डिसेंबरात तिथे कायदा करून बायकांना कामावर बोलावलं गेलं. गिरणगावात तसं नव्हतं. आमच्या आज्या, पणज्या त्याआधी दोन पिढ्या गिरणीत होत्या. लढाईत गिरण्यांना लष्कराच्या कापडाच्या ऑर्डरी आल्या, खाकी ड्रिल आणि तंबूचं कापड रात्रंदिवस निघू लागलं, पाळ्या वाढल्या. पण वाढलेली पाळी रात्रीची, आणि बायकांना रात्री कामावर ठेवायला कायद्याची बंदी. त्यामुळे नवी भरती झाली ती बहुतेक पुरुषांची. बायकांच्या वाट्याला जुनंच काम आलं, अधिक वेगानं करायचं.

ते काम बहुतेकींचं वाइंडिंगमध्ये किंवा रिळाच्या खात्यात. बॉबिनवरचं सूत उतरवून पुढच्या कामासाठी गुंडाळायचं, धागा तुटला की क्षणात गाठ मारायची आणि पुन्हा चालू. पगार कामावर, म्हणजे जितकं सूत उतरेल तितके पैसे. गाठ बारीक हवी, नाहीतर पुढे मागावर अडते. आठवड्याचे 54 तास हे उभ्यानं करायचं, तेही केसांत, भुवयांत, नाकात तूस जात असताना. आज्यांचा खोकला आम्हाला लहानपणी म्हातारपणाचा वाटायचा. तो कशाचा होता हे आता आम्हाला कळतं, आणि त्याबद्दल त्यांना हयातीत कुणी एक पैसा भरपाई दिली नाही याचा राग येतो.

खात्यावर नायकीण असे. कुणाला घ्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, चांगला माल कुणाच्या हाती द्यायचा, सगळं तिच्या मर्जीवर. सणावाराला तिच्या घरी काहीतरी पोचवावं लागे. पण बाळंतपणात, आजारपणात हीच बाई कुणाची तरी जागा राखून ठेवी, हेही आज्याच सांगत. 1929 पासून मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा होता. पैसे मालकानं द्यायचे म्हणून काही मालकांना बाई कामगार नकोशी होऊ लागली, आणि पोट दिसू लागलं की ते लपवायची धडपड सुरू होई. काही गिरण्यांत पाळणाघर होतं. नव्हतं तिथे मूल शेजारणीकडे, आणि ते दिवसभर झोपून राहावं म्हणून बाळगोळी. बाळगोळीत अफू असे. यावरून त्या आयांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा त्या 54 तासांचा हिशेब मांडावा.

लढाई घरात शिरली ती महागाईच्या रूपानं. 1940 च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, सुमारे 40 दिवस चालला. त्या दिवसांत चूल कशी पेटली, हे विचारलं की आज्या वाण्याचं नाव घेत. उधारीवर. पठाण आणि सावकार पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर उभे असत, त्यांना चुकवून बाहेर पडायच्या वाटा आज्यांना ठाऊक होत्या.

मग 1942. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. जपानी विमानं येणार म्हणून मुंबई रिकामी होऊ लागली. धक्क्यावर कोकणच्या बोटीसाठी झुंबड, घाटावर जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नाही. पुष्कळजणींनी पोरं गावी धाडली आणि स्वतः इथेच राहिल्या, कारण गावचं कर्ज इथल्या पगारावर फिटत होतं. रात्री दिव्यांवर काळे कागद, खिडक्या बंद, आणि बंद खोलीत शेगडीची धग.

ब्रह्मदेश गेला तसा तिकडचा तांदूळही गेला. रेशनिंग सुरू झालं 2 मे 1943 रोजी, आणि हिंदुस्थानात ते पहिल्यांदा मुंबईत आलं. यावर आमच्या आज्या तासन्‌तास बोलत. कोकणातल्या बायकांना भात नाही म्हणजे जेवणच नाही. कार्डावर तांदूळ थोडा, बाकी गहू, ज्वारी, बाजरी, जे आलं असेल ते. तांदळाची, नाचणीची भाकरी त्यांच्या हातची, पण ज्वारीचं पीठ त्यांना दाद देईना, थापता थापता चिरा पडत. मग त्याच गॅलरीतली साताऱ्याकडची शेजारीण परात ओढून बसे. ‘अगं, पानी कढत घे, आन्‌ पीठ आदी चांगलं मळ,’ असं तिचं सुरू होई. बदल्यात तिला कुळथाची पिठी शिकायला मिळे. घाटी आणि कोकणी अशी जी एक अदृश्य भिंत चाळीत होती, ती आमच्या मते त्या भाकरीनं पुष्कळ खाली आणली.

जिची खानावळ होती तिची कसरत आणखी मोठी. गावाहून एकटे आलेले आठ-दहा पुरुष जेवायला, सगळ्यांची कार्डं तिच्याकडे. रांगेत कोण उभं राहणार? पहाटे चारला नळाचं पाणी, मग स्वयंपाक, मग भोंगा, आणि सुटल्यावर रेशनची रांग. रॉकेलची वेगळी, कोळशाची वेगळी. सुट्टे पैसेही मिळत नसत. तांबं वाचवायला सरकारनं 1943 मध्ये भोकाचा पैसा काढला, तो बायका दोऱ्यात ओवून कमरेला ठेवत.

आणि कापड. दिवसभर सूत हाताळणाऱ्या बाईला लुगडं मिळेना. कंट्रोल आला, कापडावर किंमत छापून येऊ लागली, पण छापील किमतीत दुकानात माल नसे. एकीचं धड लुगडं दुसरीनं लग्नाला नेसून जायचं, धुऊन परत करायचं, हे सर्रास होतं. याबद्दल बोलताना आज्यांचा आवाज बदले. उपासापेक्षा हे त्यांना अधिक लागलं होतं.

राजकारण घरातच होतं. 1942 च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झालं तेव्हा अहमदाबादच्या गिरण्या तीन महिने बंद राहिल्या, मुंबईच्या बहुतेक चालू राहिल्या, कारण लाल बावट्याच्या युनियनचा तेव्हा लढाईला पाठिंबा होता. नवरा लाल बावट्याचा, दीर काँग्रेसचा, आणि ताटं एकाच ओळीत. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्या सभांना आज्या जात. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं, ते ऐकायला चाळीच्या चाळी लोटत.

त्याच वर्षी 14 एप्रिलला दुपारी चारच्या सुमाराला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट उडाली. जपानी आले, असंच सगळ्यांना वाटलं. बायका गिरणीतून धावत सुटल्या त्या घराकडे, पोरांकडे. त्या बोटीत दारूगोळ्याबरोबर कापसाचे गठ्ठे होते, आणि पेटलेला कापूस घरांच्या छपरांवर पडत होता.

लढाई 1945 मध्ये संपली, रांगा संपल्या नाहीत. 22 फेब्रुवारी 1946 रोजी नाविकांच्या बंडाला पाठिंबा म्हणून गिरण्या बंद पडल्या, तेव्हा परळमध्ये गोळीबारात कमल दोंदे मारल्या गेल्या. हे नाव आमच्या आज्या घेत, आता परळमध्ये किती जणांना माहीत असेल?

त्याच वर्षी कामाचा आठवडा 48 तासांचा झाला. पुढे गिरण्यांतल्या बायकांची संख्या घटतच गेली. नवी यंत्रं आली, आणि बाई नको ही मालकांची जुनी इच्छा पुरी होत गेली. पण आज्यांनीही मुलींसाठी गिरणीत वशिला लावला नाही. वाइंडिंगमधून सुटल्यावर अंगावरचं तूस झटकून त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मुलीचं नाव घालायला जात. आमच्या आयांपैकी कुणी मास्तरीण झाली, कुणी केईएममध्ये नर्स, कुणी पोस्टात लागली.