समेवर कापताना

"आवाज कशात चांगला येतो?" रेकॉर्डिंगला येणारे विद्यार्थी, पेटीवाले, तबलजी, सगळे मला हे विचारतात. कुणी छातीठोकपणे सांगतं की प्रो टूल्सचा आवाज भरीव, कुणी म्हणतं क्यूबेस गोड, रीपर कोरडा. मी पुण्यात मुख्यतः ख्याल आणि अभंग रेकॉर्ड करतो. ऐकीव मतांवर विसंबायचं नाही असं ठरवून एकदा रेकॉर्डिंगची चार सॉफ्टवेअर शेजारी शेजारी लावून बसलो.

ख्याल एकच, विलंबित एकतालातला. गळा, पेटी, तबला, तानपुरा असे चार मोनो ट्रॅक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. त्याच फायली रीपर, क्यूबेस, प्रो टूल्स आणि एबलटन लाइव्हमध्ये घेतल्या. फेडर शून्यावर, सगळे ट्रॅक मधोमध, प्लगइन एकही नाही. मिक्स काढून ऐकलं तर रीपर सरळ पुढे. जास्त मोकळा, जास्त जवळचा. सोबत ऐकणाऱ्या तबलजींनी डोळे मिटून दर वेळी तोच उचलला.

मग मीटर बघितलं. क्यूबेसच्या तुलनेत रीपरचं मिक्स तीन डेसिबलनं मोठं होतं. मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून तो कडेला असण्यापेक्षा मोठा भासतो. हे सावरायला अनेक सॉफ्टवेअर मधला आवाज आपणहून खाली घेतात. याला पॅन लॉ म्हणतात. क्यूबेस मूळ सेटिंगला तीन डेसिबल खाली घेतं, रीपर काहीच घेत नाही. आपला कान थोड्या मोठ्या आवाजाला नेहमीच चांगला म्हणतो. रीपर, क्यूबेस आणि प्रो टूल्समध्ये पॅन लॉ सारखा केला आणि तबलजींना पुन्हा ऐकवलं, तेव्हा त्यांना या तिघांतला एकही ओळखता येईना.

खात्रीसाठी दोन मिक्स एकाच ठिकाणी आणून त्यातल्या एकाची फेज उलटी केली. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात. मीटर जवळजवळ निपचित पडलं. जे काही उरलं ते २४ बिटच्या अगदी तळातलं, कानाच्या आवाक्याच्या पार खाली. ट्रॅकची बेरीज करणं हे शेवटी गणित आहे आणि ते सगळ्यांना सारखंच येतं.

एबलटन लाइव्हचं मिक्स मात्र जुळेना. तशी सेटिंग चालू असेल तर लांब फाइल आत घेतली की लाइव्ह आपणहून तिचा टेम्पो ओळखतं आणि प्रोजेक्टच्या टेम्पोत बसवण्यासाठी ती ताणतं किंवा दाबतं. याचं नाव वॉर्प. तानपुऱ्यावर त्याचा परिणाम लख्ख ऐकू आला. जवारीतून उमलणारा सूर सलग न राहता दाणेदार झाला, जणू तारेवर कुणी बारीक रेती टाकली. वॉर्प बंद केलं, पातळी जुळवली आणि तेही इतरांसारखंच झालं. "अमक्याचा आवाज वेगळा" म्हणणाऱ्या माणसाचा कान खोटा नसतो. त्याला खरोखर वेगळं ऐकू येतं, पण ते बहुतेकदा अशा एखाद्या न बघितलेल्या सेटिंगमुळे.

खरा फरक काम करताना पडतो, आणि आपल्या संगीतात तो फार मोठा आहे. यातली बहुतेक सॉफ्टवेअर ठरलेला टेम्पो आणि त्याची सरळ ग्रिड गृहीत धरून बसलेली आहेत. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची असेल तर मिनिटाला पंधराच ठोके पडतात. लाइव्हचा टेम्पो वीसच्या खाली जातच नाही. मात्रेचे चार भाग करून साठ लावता येतो, हे खरं. पण गायिका रंगात आली की लय चढतेच, आणि ती चढलीच पाहिजे. एका सेशनला मी मुद्दाम तबल्याचा ठेका ग्रिडवर ओढून बघितला. गायिकेनं ऐकून एवढंच विचारलं, "दादा, समेआधी मी थांबले होते ना, ती जागा कुठे गेली?" मी ती आवृत्ती तिथेच पुसली.

त्यामुळे ग्रिड बंद. गाणं वाजत असताना प्रत्येक समेला रीपरमध्ये एम दाबत जातो आणि तिथे खूण पडते. एखादं आवर्तन गाळायचं तर दोन खुणांमधला भाग सगळ्या ट्रॅकवरून एकदम काढायचा आणि पुढचं सगळं मागे सरकवायचं. गायिका आणि तबलजी एकाच खोलीत बसतात, तबला गळ्याच्या माइकमध्येही येतो, म्हणून कुठलाही ट्रॅक एकटा कापून चालत नाही. काप समेच्या 'धिं'वर नसतो, त्याच्या किंचित आधी असतो. त्या फटीत दहा-पंधरा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला की आधीच्या बायाची आस नव्या ठोक्याखाली गडप होते. तानपुरा मी नंतरच भरतो, अथपासून इतिपर्यंत सलग. नाहीतर पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज हा फेरा मधेच तुटतो आणि चोखंदळ श्रोता तिथेच दचकतो.

प्रो टूल्समध्येही हे शफल मोडनं उत्तम होतं. एकाच ओळीचे अनेक टेक ठेवायची त्याची प्लेलिस्टची पद्धत मला आजही सगळ्यात सरस वाटते. लॉजिकमध्ये टेकमधून हवा तो तुकडा नुसता माउस फिरवून निवडता येतो. अभंगाचं काम करताना त्याची फार आठवण येते, कारण तिथे टाळकऱ्यांचा कोरस वेगळा भरलेला असतो आणि टेक ढिगानं असतात. गणपतीसाठी ढोल-ताशाचे ट्रॅक बनवणारी मुलं एफएल स्टुडिओ वापरतात, ते अगदी योग्य. एकच ठोका थर लावून, फिरवून, वाढवत नेण्याला त्याच्याइतकं चपळ दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

मी स्वतः रीपरवर स्थिरावलो. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे सॉफ्टवेअर. वैयक्तिक आणि छोट्या कामाचा परवाना साठ डॉलरला मिळतो. मला पटलं ते त्याचं हलकेपण. जुन्या लॅपटॉपवर बफर १२८ सॅम्पलवर ठेवूनही तासभराची मैफल विनातक्रार भरून होते. शिवाय कुठलीही कळ आपल्या हाताला बसेल तशी लावता येते.

काम संपलं की आणखी एक गोष्ट न चुकता करतो. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवतो. २००२ मध्ये ॲपलनं लॉजिक बनवणारी इमॅजिक ही कंपनी घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद झाली. त्यावर काम करणाऱ्यांचे कितीतरी प्रोजेक्ट तिथेच अडकले. साधी वेव्ह फाइल मात्र कुठेही उघडते. फायलीच्या नावात राग, ताल आणि पट्टी लिहितो: पांढरी चार, काळी एक, जी असेल ती.