नांवाचा धनी कोण ?

वडिलांच्या विखुरलेल्या लेखांचा संग्रह इंटरनेटवर ठेवावा व त्या स्थळाला घराण्याचें आडनांवच द्यावें, असें आम्हीं ठरविलें. शोधूं लागतांच तें नांव परमुलखांतील कोणा आडनांवबंधूनें पूर्वींच नोंदविलेलें आढळलें. स्थळ मात्र ओसाड. आम्हांस राग आला. पूर्वजांचें नांव आमचें, आणि किल्ली परक्याच्या कमरेला! आम्ही तडक एका वकील स्नेह्यांकडे गेलों.

त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, डोमेन म्हणजे इंटरनेटवरील पत्ता. जो प्रथम मागेल त्याला तो मिळतो. नोंदणीच्या वेळीं हक्काचा पुरावा सहसा कोणी मागत नाहीं. तंटे उपजतात ते येथूनच. त्यांच्या निवारणासाठीं 'आयकॅन' या संस्थेनें १९९९ सालीं नियम केले. त्यांप्रमाणें फिर्यादीनें तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : तें नांव आपल्या व्यापारचिन्हासारखें, निदान भ्रम पडण्याइतकें सारखें आहे, प्रतिपक्षाचा त्यावर न्याय्य हक्क नाहीं, आणि त्यानें तें दुष्ट हेतूनें नोंदून वापरलें आहे. तिहींपैकीं एक निसटली कीं फिर्याद बुडाली.

२००० सालीं दोन विख्यात पाश्चात्त्य गायक पंचांपुढें गेले. मॅडोनाला तिचें नांव मिळालें. स्टिंगला मिळालें नाहीं, कारण तो इंग्रजींतील सर्वसामान्य शब्द ठरला व प्रतिपक्षाचा दुष्ट हेतुही शाबीत झाला नाहीं. याच्या उलट, 'रेडिफ'चें एकच अक्षर बदलून 'रॅडिफ' नोंदविणारास मुंबई उच्च न्यायालयानें १९९९ सालीं मनाई केली. आणि डोमेनलाही व्यापारचिन्हासारखें संरक्षण मिळूं शकतें, हें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं मान्य केलें.

"मग आमचें काय?" आम्हीं विचारलें.

"आपण त्या आडनांवाचा व्यापार करतां काय?" स्नेही हंसून म्हणाले. "आणि त्या गृहस्थांना तें कोठून मिळालें? त्यांच्या वडिलांकडूनच ना?"

या प्रश्नापुढें आमचा राग टिकला नाहीं. कायद्याला फसवणूक ओळखतां येते. दोन मुलांचा सारखाच अभिमान त्याला तोलतां येत नाहीं, आणि त्यानें तोलूंही नये. कदाचित् त्या ओसाड स्थळींही कोणा पित्याचे कागद यावयाचे असतील.

घरीं येऊन आम्हीं जुने अंक पुन्हां उघडले. वडिलांनीं एकाही लेखाखालीं नुसतें आडनांव घातलें नव्हतें. सर्वत्र पूर्ण नांव होतें. तेंच आम्हीं मागितलें, आणि तें मोकळें होतें.